टोपीखाली, देठाखाली: नागपूरच्या पावसाळ्यातली अळिंबी

गुरुवार, धरमपेठ

पुण्याहून निघालेली गाडी नागपूरला पोचली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. झड लागली आहे, असं मावशीने फोनवर सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. पोळा आठवड्यावर आला होता. तान्ह्या पोळ्यासाठी रस्त्याच्या कडेला लाकडी बैल विकायला बसले होते आणि हवेत ओल्या मातीचा वास भरला होता. रानातली अळिंबी पाहायची तर याहून चांगला आठवडा विदर्भात मिळत नाही. सलग पाऊस, मग एखाद्या दिवसाची उघडीप आणि उकाडा. तेवढं झालं की जमिनीखालची बुरशी वर येते.

कुठे जायचं हे मावसभावाने आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेले, आता निवृत्त झालेले एक सर आमच्यासोबत येणार होते. पण सुरुवात झाली ती मावशीच्या कॉलनीतल्या मोकळ्या मैदानातूनच. हिरवळीवर मोठमोठी पांढरी अळिंबी अर्धवर्तुळात उभी होती. पूर्ण उमललेल्यांच्या टोप्या हाताच्या पंज्याहून रुंद होत्या, मधोमध तपकिरी खवले, बाजूंना ते विरळ होत गेलेले. शेजारच्या काकू तिथेच उभ्या होत्या. "सात्याच हायेत ना ह्या? माझ्या माहेरी भंडाऱ्याकडे अशाच निघतात," त्या म्हणाल्या. सात्या म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणारी, खाण्याची अळिंबी. त्यांनी पिशवीही आणली होती.

सर संध्याकाळी आले. त्यांनी काकूंना नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही. खुरपं मागितलं, एका अळिंबीच्या भोवतीची माती मोकळी केली आणि ती बुडासकट वर काढली. "सात्या असती तर तिचं मूळ खाली वारुळापर्यंत गेलं असतं. हिचा देठ इथेच संपला, थोडा फुगीर होऊन. मूळ नाही, खाली वारूळ नाही." मग देठावरचं कडं बोटाने वरखाली सरकवून दाखवलं. हे कडं म्हणजे कोवळ्या अळिंबीच्या गिल्स, म्हणजे टोपीखालची पातळ पाती, झाकणाऱ्या पडद्याचा अवशेष. टोपी उघडली की पडदा फाटतो आणि देठाभोवती राहतो. काही जातींत तो देठाला घट्ट चिकटलेला असतो, काहींत असा सुटा. गिल्स पांढऱ्या होत्या आणि देठापर्यंत पोचायच्या आधीच थांबत होत्या.

काकूंनी विचारलं, चांदीचं नाणं टाकून शिजवून पाहू का, काळं पडलं नाही तर चालेल ना? सरांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला. "वहिनी, चांदी काळी पडते ती गंधकामुळे, विषामुळे नाही. अंड्यानेही पडते. लसूण टाका, तांदूळ टाका, विषारी अळिंबी ओळखणारी कुठलीही चाचणी स्वयंपाकघरात होत नाही. आणि किडे खातात म्हणून माणसाने खावं, हेही नाही. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला मारू शकतं."

अर्धवर्तुळ का, हेही कळलं. जमिनीखाली बुरशीचं जाळं एका बिंदूपासून चहूबाजूंना पसरतं, आतल्या बाजूचं अन्न संपत जातं आणि अळिंबी फक्त पुढे सरकणाऱ्या कडेवर उगवतात. उरलेलं अर्धं वर्तुळ इथे सिमेंटच्या रस्त्याखाली गेलं होतं.

रात्री बीजाणूंचा, म्हणजे गिल्समधून झडणाऱ्या बुरशीच्या सूक्ष्म बियांचा, ठसा घ्यायला ठेवला. टोपी देठापासून कापायची, गिल्स खाली करून अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वरून पाण्याचा एक थेंब आणि त्यावर वाटी पालथी घालायची. कागद दोन्ही रंगांचा का, तर पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. काकूंनी पिशवी रिकामीच घरी नेली.

शुक्रवार, सेमिनरी हिल्स

सकाळी वाटी उचलली तेव्हा पांढऱ्या कागदावर मळकट हिरवा ठसा उमटला होता, गिल्सच्या एकेका रेषेसकट. गिल्सवाल्या अळिंबीत हिरवे बीजाणू अगदी मोजक्या जातींचे असतात, आणि हिरवळीवरची, खवल्यांची, सरकत्या कड्याची ही म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जगभरच्या उष्ण प्रदेशांत अळिंबीच्या विषबाधेच्या कितीतरी घटना हिच्यामुळेच होतात. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलाला आणि वयस्कर माणसाला दवाखान्यात दाखल करावं लागू शकतं.

हिच्या गिल्स कोवळेपणी पांढऱ्याच असतात. हिरवटपणा येतो तो बीजाणू पिकल्यावर, म्हणजे टोपी पूर्ण उमलून गेल्यावर. काकूंनी ती तोडली असती ती पांढरी असतानाच, कारण कोवळी अळिंबी चवीला चांगली असं सगळेच मानतात. केवळ डोळ्यांनी पाहून निर्णय घेणाऱ्याला ही जात सगळ्यात सोप्या वेळी सगळ्यात चुकीचं उत्तर देते. मावशीने तो कागद स्वतः काकूंकडे नेऊन दाखवला.

तर्री पोहे खाऊन सेमिनरी हिल्सला गेलो. शहरातच असलेली ही टेकडी बेसॉल्टची आहे, माती पातळ, दगड वर आलेला, आणि झाडांच्या खाली पाल्याचा थर. इथे मोठं काही मिळेल अशी अपेक्षा नव्हती. पण सरांचा आग्रह होता की रानात जाण्याआधी डोळा तयार व्हावा. त्यांनी आम्हाला अळिंबी शोधायला सांगितलंच नाही. आधी जागा शोधा म्हणाले: पडलेलं लाकूड, पाल्याचा थर, शेण, उघडी माती. प्रत्येक जागेची अळिंबी वेगळी.

पडलेल्या फांदीवर सगळ्यात आधी दिसली ती शिझोफायलम. करड्या-पांढऱ्या केसाळ पंख्यांची दाटी, देठ जवळजवळ नाहीच. उलटून भिंगाखाली धरली तर प्रत्येक गिल मधोमध लांबीत चिरलेली. कोरडं पडलं की या दोन कडा आत वळतात आणि बीजाणू तयार होणारा भाग झाकून घेतात, पाऊस आला की पुन्हा उघडतात. सुकून पडलेला नमुना वर्षांनंतर ओला केला तरी जिवंत होतो. याच बुरशीत एकमेकांशी जुळू शकणारे लिंगप्रकार तेवीस हजारांहून अधिक आहेत, हे सरांनी सांगितलं तेव्हा मावसभाऊ त्या फांदीकडे बराच वेळ बघत राहिला.

पाल्यात मॅरॅस्मियस. पानाच्या शिरेवरून निघालेला, घोड्याच्या केसाइतका बारीक काळा देठ आणि वर करंगळीच्या नखाएवढी टोपी. गिल्स इतक्या विरळ की सहज मोजता येतात. वाटेच्या कडेला वाळत चाललेल्या शेणावर शाईची अळिंबी होती. हिचे बीजाणू कडेपासून वर पिकत जातात, आणि पिकलेला भाग स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळून काळा द्रव होऊन गळतो. त्यामुळे सकाळची उंच निमुळती टोपी दुपारी फाटलेली, वर वळलेली आणि ठिबकणारी दिसते. फोटोवरून नाव विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एकाच अळिंबीचे तीन वेळचे फोटो तीन वेगळ्या जातींचे वाटतात.

संध्याकाळी सरांच्या घरी त्यांची वही पाहिली. प्रत्येक नोंदीत टोपीचा रंग सगळ्यात शेवटी लिहिलेला. आधी कशावर उगवली, आसपास कुठली झाडं, एकटी की घोळक्यात. मग देठाचं बूड, कडं आहे की नाही, गिल्स देठाला कशा मिळतात: सुट्या, चिकटलेल्या की देठावरून खाली उतरत गेलेल्या. मग वास, मोडल्यावर रंग बदलतो का, ठशाचा रंग. पाऊस लागून टोपीचा रंग धुऊन जातो, खवले गळतात, ऊन लागून ती फिकी पडते. बूड आणि ठसा मात्र बदलत नाहीत.

शनिवार, मनसर आणि देवलापारच्या बाजूला

आज रान. कामठी, कन्हान मागे टाकून मनसरला पोचलो तेव्हा रामटेकची टेकडी उजवीकडे ढगात होती. फाट्यावर एक मावशी पळसाच्या पानांवर सात्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. भाव मटणाला लाजवणारा, आणि आम्ही विचारपूस करेपर्यंत वाटे अर्ध्याहून कमी झाले. सरांनी विकत न घेता आधी पाहायला मागितल्या. मावशींनी एक मोठी सात्या उचलून बूड आमच्याकडे केलं. "पाहा ना, उदईचीच हाय. मातीसकट आणली." उदई म्हणजे वाळवी.

टोपी करडी-पांढरी, आणि तिच्या मधोमध भाल्याच्या टोकासारखा कडक उंचवटा. याच टोकाने ती वरची घट्ट माती फोडत येते. टोपीखाली सुट्या, दाट गिल्स, किंचित गुलाबी छटेकडे झुकलेल्या. देठ खाली जाड होत जातो आणि मग पुन्हा निमुळता होऊन लांब, मुळासारखा खाली उतरतो. मावशींनी ते मूळ कापलं नव्हतं, कारण जाणतं गिऱ्हाईक तेच पाहतं. शिक्षण कुठलं, किती हे न विचारता सांगतो: सरांच्या वहीतला क्रम आणि या बाईंचा क्रम एकच होता. तिथे बसूनच त्यांनी आम्हाला त्यांच्या गावाबाहेरच्या बांधावर यायला सांगितलं. त्यांचा मुलगा सोबत आला.

बांध शेताचा होता, जंगल त्याच्या पलीकडे. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत अळिंबीच काय, पानही उचलायचं नसतं, आणि आम्हाला तिथे जायची गरजही नव्हती. शेताच्या कडेला मोहाच्या जुन्या झाडाखाली जमीन थोडी उंचावलेली होती. वर मातीचा बुरूज नाही, पाहणाऱ्याला वारूळ आहे असं वाटणारही नाही. पण आठ-दहा सात्या तिथे एका पट्ट्यात उभ्या होत्या. "उपटू नोका," मुलगा म्हणाला, "खालून खणून काढा. एक दोन रायू द्या." सर हसून खाली बसले आणि खुरप्याने एका बाजूने माती काढायला लागले. कोपरापर्यंत हात गेला तरी मूळ संपेना. शेवटी ते एका पोकळीत शिरलं. आत स्पंजासारखा दिसणारा, तपकिरी, वळ्यावळ्यांचा गोळा होता, त्यावर पांढरे बारीक दाणे आणि धावपळ करणारी वाळवी. आम्ही तेवढं पाहून माती पुन्हा लोटून दिली.

तो गोळा म्हणजे वाळवीची बाग. कामकरी वाळवी वाळलेलं लाकूड, पालापाचोळा खाते आणि अर्धवट पचलेली विष्ठा रचून हा गोळा बांधते. त्यावर टर्मिटोमायसेस ही बुरशी वाढते, लाकडातला न पचणारा भाग मोडते, आणि ते पांढरे दाणे वाळवी खाते. वाळवीला बुरशीशिवाय जगता येत नाही, बुरशीला वाळवीशिवाय. ही भागीदारी आफ्रिकेत अंदाजे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तिथून आशियात आली. एरवी वाळवी बुरशीला टोपी काढू देत नाही. पावसाळ्यात जमीन भिजली की मात्र बुरशी मूळ ताणत वर येते आणि उमलते. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम (Roger Heim) यांनी १९४२ मध्ये या अळिंबीसाठी स्वतंत्र प्रजाती मांडली. पुढे १९७९ मध्ये के. नटराजन यांनी भारतातून नोंदवलेल्या एका जातीला त्यांचंच नाव दिलं, टर्मिटोमायसेस हायमी. ही बुरशी वाळवीशिवाय जगत नाही, म्हणूनच बाजारात पळसाच्या पानावर दिसणारी प्रत्येक सात्या रानातून आलेली असते. शेतकऱ्याने पिशव्या भरून ती पिकवलेली नसते.

जवळच एका उघड्या जागेवर वेगळंच दृश्य होतं. नखाएवढ्या पांढऱ्या टोप्यांचा शेकड्यांनी पसरलेला थर, लांब मूळ नाही. ही टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस. या जातीच्या बाबतीत वाळवी बागेतले तुकडे बाहेर आणून जमिनीवर टाकते आणि अळिंबी त्या तुकड्यांवर उगवते. म्हणजे लांब मूळ नाही म्हणून सात्या नाही, असंही म्हणता येत नाही. एका खुणेवर भिस्त ठेवली की रान लगेच अपवाद दाखवतं.

दुपारी सागाखाली डबा खाताना मी सरांना विचारलं, इथे इतकं दाट रान आहे, मग पुस्तकांत पाहिलेल्या लाल-पिवळ्या टोप्यांच्या रुसुला, अमानिता का नाहीत? मला या सहलीत मिळालेलं सगळ्यात मोलाचं उत्तर हेच. त्या अळिंबींपैकी बहुतेक जाती झाडाच्या मुळांशी जोडलेल्या असतात, मुळाच्या टोकांवर आवरण घालून झाडाला पाणी आणि खनिजं देतात आणि त्याच्याकडून साखर घेतात. पण हे नातं ठरावीक झाडांशीच जुळतं: साल, पाईन, ओक, निलगिरी. साग, ऐन, धावडा, मोह यांची मुळं वेगळ्या प्रकारच्या बुरशीशी जोडलेली असतात आणि ती बुरशी अळिंबी उगवत नाही. म्हणून सागाच्या रानात वर येते ती बहुतेक कुजवणारी किंवा वाळवीची अळिंबी. इथून ईशान्येला बालाघाट, मंडल्याकडे, कान्हाच्या सालवनात गेलात की जमीन बदलते. बस्तरमध्ये लोक सालाखालचा बोडा, म्हणजे मातीतली गोल अळिंबी, उकरून खातात, त्याचंही हेच कारण. "डोकं वर करून आधी झाड पाहा," सर म्हणाले. "अर्धी यादी तिथेच गळते."

रात्री मावशीने सात्यांचा सावजी पद्धतीचा रस्सा केला, भाजलेलं खोबरं आणि खसखस वाटून. मनसरच्या मावशींकडून घेतलेल्या, मूळ पाहिलेल्या, ठसा घेऊन गुलाबी आलेल्या सात्या होत्या त्या.

रविवार, मौद्याजवळ

भंडारा रोडने मौद्याकडे गेलं की काळ्या कापसाच्या जमिनीची जागा हळूहळू धानाच्या बांध्या घेतात. मावसभावाच्या मित्राचे काका तिथे शेती करतात. त्यांच्या गोठ्यामागे गेल्या वर्षीच्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग पावसाने भिजून कुजायला लागला होता. हात घातला तर आतून गरम. त्या उबेत करड्या टोप्यांची अळिंबी निघाली होती, काही उमललेली, काही अजून अंडाकृती आवरणात.

ही तणसावरची व्होल्व्हॅरिएला. बुडाशी मऊ पिशवी, कारण कोवळेपणी पूर्ण अळिंबी एका आवरणात बंद असते आणि ते फाडून वर येते. देठावर कडं नाही. गिल्स सुट्या, आधी पांढऱ्या, मग गुलाबी. हिची लागवडही होते, तणसावरच. काकांना ती खायची होती आणि खरं तर ते दर वर्षी खात होते.

सरांनी तरीही त्यांना थांबवून घेतलं, आणि तासभर तिथेच गेला. बुडाशी पिशवी ही खूण अमानिताचीही असते, आणि अमानितांमध्ये माणूस मारणाऱ्या जाती आहेत. फरक असे: त्या विषारी जातींचा ठसा पांढरा येतो, गिल्स पांढऱ्याच राहतात, देठावर बहुधा कडं असतं, आणि त्या झाडाच्या मुळांशी जोडलेल्या असल्याने जमिनीतून निघतात, तणसाच्या ढिगातून नाही. पण पिशवीतल्या कोवळ्या अळिंबीत यातलं काहीच दिसत नाही. गिल्स दोघींच्याही पांढऱ्या, ठसा निघत नाही. म्हणून सरांनी काकांना सांगितलं, बंद पिशवीतली खायची नाही, उमललेलीच घ्यायची, आणि ढिगावरचीच. शेजारच्या बांधावर, झाडाखाली तशीच दिसली तरी नाही. अळिंबी वरून खुडायची सवय त्यांनी तिथेच मोडली: खुडली की पिशवी मातीत राहते आणि हातात येते ती नुसती पांढरी, निरुपद्रवी दिसणारी टोपी.

काकांनी विचारलं, "शिजवली का विष जाते ना पण?" नाही. अमानिताचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही. ते यकृताच्या पेशींत प्रथिनं बनण्याची प्रक्रियाच बंद पाडतं. घातक भाग वेळेचा आहे. त्रास खाल्ल्यावर सहसा सहा तास उलटून गेल्यावर सुरू होतो, कधी चोवीस तासांनी, तेव्हा जेवणाशी संबंध लक्षातही येत नाही. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस दवाखान्यातून घरी परत येतो, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. लवकर होणाऱ्या उलट्यांपेक्षा उशिरा होणाऱ्या उलट्यांना जास्त घाबरायचं, हे सरांनी दोनदा सांगितलं.

ढिगावरच्या एका उमललेल्या टोपीचा ठसा आम्ही जेवायच्या आधी लावला होता. दुपारी उशिरा वाटी उचलली तर गुलाबी. काकांच्या घरच्या काकूंनी मग तेवढ्या उमललेल्या निवडून टोपलीत घेतल्या, प्रत्येकीचं बूड पाहून. आम्ही गाडीत बसताना काका खिडकीशी आले.

"सर, समजा गावात कोणी भलतंच खाल्लं, तर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेतानी सोबत काय न्यायचं?"

"उरलेली अळिंबी. शिजवलेली असेल तर ती भाजी, आणि जिथून आणली तिथली एखादी बुडासकट. कागदात गुंडाळा, प्लास्टिकात नको, सडते. आणि किती वाजता खाल्ली ते सांगा. ज्याला त्रास नाही पण ज्याने तीच भाजी खाल्ली, त्यालाही सोबतच न्या."

काकांनी खिशातून विडीचं पाकीट काढलं आणि सरांकडून पेन घेऊन त्यावर हे लिहून घेतलं.